मॅनेजरच्या केबिनचा पडदा

माझी आई बोलायची, पण आवाज काढायची नाही. हे ऐकून कुणाला वाटेल, बाई भारी सोशिक असणार. छे! तिचं तोंड फक्त झोपेत बंद असायचं, आणि तेही मी छातीठोकपणे सांगणार नाही.

आई कापड गिरणीत माग चालवायची. त्या खात्यात असा खडखडाट, की कानाशी ओरडलं तरी कळायचं नाही. म्हणून तिथल्या बायका नुसत्या ओठांनी बोलायच्या. या टोकाची बाई त्या टोकाच्या बाईला सासूचे सगळे प्रताप सांगायची आणि देखरेख करत मधून जाणाऱ्या जॉबरला वाटायचं, कामं कशी मुकाट्याने चालली आहेत! पुढे घरीही तेच. भरल्या पाहुण्यांत आई मला लांबूनच, बिनआवाजात, "नाक पूस, मेले" म्हणायची. बाबांना ही विद्या शेवटपर्यंत जमली नाही. ते आपले "काय? काय?" करत राहिले.

खात्याला लागूनच पाळणाघर होतं. मी तिथलीच, अजून रांगतही नव्हते. पोर रडायला लागलं की पाळणाघर सांभाळणारी आजी दारात येऊन खूण करायची. एका टकल्या बाळासाठी ती डोक्यावरून हात फिरवायची, माझ्यासाठी दोन्ही गाल फुगवायची. गाल फुगलेले दिसले की आई शेजारणीला मागावर लक्ष ठेवायला सांगून मला पाजायला पळायची. घरी मला सांभाळणारं कुणी नव्हतं आणि बाबांच्या एकट्याच्या पगारात आमचं भागत नव्हतं. पाळणाघर होतं म्हणून आईची नोकरी होती.

मग नवा मॅनेजर आला. बायकांवर नजर राहावी म्हणून त्याने खात्याच्या कोपऱ्यात काचेची केबिन बांधून घेतली. काचेतून पलीकडूनही दिसतं, हे काही त्याच्या डोक्यात आलं नाही.

एका शुक्रवारी तो आत हेडक्लार्कशी बोलत होता. हेडक्लार्क पाठमोरा, मॅनेजरचं तोंड नेमकं आईच्या मागाकडे. "पाळणाघर सोमवारपासून बंद," तो म्हणाला. "तिथे सुताचं गोदाम करू." हेडक्लार्कने काहीतरी विचारलं असावं, कारण मॅनेजर खो खो हसला. "पोरं कुठे ठेवायची? ठेवा म्हणावं माझ्या टेबलावर!"

आईने काचेतून त्याचे ओठ वाचले. तरी तिने माग थांबवला नाही. तिने फक्त शेजारणीकडे बघून ओठ हलवले, शेजारणीने पुढचीकडे बघून, आणि मॅनेजरचं हसू ओसरायच्या आत बातमी पाळणाघरातल्या आजीपर्यंत पोचली.

सोमवारी मॅनेजर आला तर केबिन गच्च. खुर्चीत पोरं, जमिनीवर पोरं, कपाटाच्या खालच्या खणात फायलींवर टकल्या गाढ झोपलेला. मी टेबलाच्या मधोमध होते. ऐकीव माहिती अशी, की सहीसाठी ठेवलेल्या कागदांवर मी माझा ओला शेरा मारून मोकळी झाले होते.

मॅनेजर पाय आपटत ओरडायला लागला. तेव्हा आई आत शिरली आणि चक्क आवाज काढून बोलली.

"साहेब, तुम्हीच म्हणालात ना, टेबलावर ठेवा?"

"मी? कुणाला म्हणालो?"

"हेडक्लार्कसाहेबांना, शुक्रवारी. त्याच्या आधी मालकांना गाढव म्हणालात. तेही कळलंय सगळ्यांना."

मॅनेजरने काचेबाहेर पाहिलं. सगळ्या बायका माग चालवता चालवता त्याच्याच तोंडाकडे बघत होत्या. त्याने घाईघाईने तोंडावर हात ठेवला आणि हाताआडूनच सांगितलं, "पाळणाघर राहू दे."

लगोलग दुसरा हुकूम निघाला. केबिनला पडदा हवा, आपल्याच गिरणीच्या कापडाचा, चांगला दाट. ते कापड विणायचं काम नेमकं आईकडे आलं. तिने ते मन लावून विणलं, मॅनेजरने पाठही थोपटली. फक्त त्याच्या तोंडाच्या उंचीवर पडदा जरासा विरळ राहिला होता, आणि आत दिवा लागला की ओठ छान दिसायचे. माझ्यामागून माझे दोन्ही भाऊ त्याच पाळणाघरात वाढले.