पाण्यावरचा पाळणा

भावकू मास्तर मूळचं बेळगुंदीचं. बाप गाड्यांची चाकं करायचा, त्यामुळं लाकूडकाम हातातच हुतं. निपाणीच्या एका शाळंत मोठ्या पोरास्नी हातकाम शिकवायला माणूस पायजे झाला, तवा ह्यास्नी बोलावणं आलं. इंग्रजाचं राज्य हुतं अजून. मास्तर वर्गात कोट घालून जायचं, पर संध्याकाळपतूर कोट भुश्श्यानं माखून जायचा.

गावातली मोठी माणसं हसायची. तंबाखूचा यापार करणारं आण्णाप्पा तर तोंडावरच म्हणालं, "पोरानं रंधाच मारायचा तर शाळा कशाला, मास्तर? तुमच्या बेळगुंदीलाच धाडतो की."

"धाडा," मास्तर म्हणालं. "तिथं भाकरी बी बरी मिळती."

पर त्येंची शिकवायची तऱ्हाच न्यारी. पैल्यांदा हत्याराला हातच लावू द्यायचं न्हाईत. "फूटपट्टी ठेवा दप्तरात. घरला जावा, कुणाचा हात कुठं अडतोय त्ये बघा. ज्येचं अडलंय त्येच्यासाठी वस्तू करायची. आन पास-नापास मी करणार न्हाय, त्यो माणूस करंल."

ह्या आण्णाप्पाचा ल्योक पारिसा त्येंच्याच वर्गात. त्यो घरी गेला आन आपल्या आज्जीकडं, धोंडूबाईकडं, बघत बसला.

जैनाच्या घरात पाणी गाळून पित्यात. गाळल्यावर फडक्यात बारीक जीव ऱ्हात्यात, डोळ्याला दिसत बी न्हाईत. ते फेकायचं न्हाय. फडकं उलटं करून वरनं गाळलेलं पाणी वतायचं, आन ते धुण्याचं पाणी ज्या हिरीचं त्याच हिरीत परत सोडायचं. त्येला जिवाणी म्हणायचं. वरनं भसकन वतली तर जीव मरत्यात, म्हणून तांब्या दोरीनं पाण्यापतूर न्यायचा आन अलगद कलता करायचा. धोंडूबाईनं लगीन झाल्यापसनं ह्ये काम दुसऱ्या कुणाला दिलं न्हवतं. जिवाणी सोडल्याबिगर ती पाण्याचा घोट घेत न्हवती.

आता तिचं हात थरथराया लागलं. तांब्या हिंदकळायचा, हिरीच्या दगडावर आपटायचा, निम्म्या वाटंत सांडायचा. सून राजाबाई म्हणायची, "द्या आत्ती, मी सोडते." म्हातारी द्यायची न्हाय. आन सांडली की तो सगळा दिस बिनपाण्याचा. ओठ वाळून जायचं, पर ऐकायची न्हाय.

पारिसानं ह्ये वर्गात सांगितलं. मास्तरास्नी जिवाणी ठावं न्हवती, पर कौतिक वाटलं. पारिसा आन त्येचा दोस्त गुंडू, दोघं कामाला लागलं. पांगाऱ्याचं हलकं लाकूड घेऊन पाळणा केला, मदी तांब्या टांगला. दोरी ताठ हाय तवर तांब्या सरळ. पाळणा पाण्यावर टेकला की त्यो तरंगायचा, दोरी ढिली पडायची आन तांब्या आपसूक कलंडायचा. हात हालला तरी दगडाला पाळणा धडकायचा, तांब्या न्हाय. शाळंच्या हौदावर चार दिस खेळ केला, तवा कुठं जमलं. मास्तर तर लई खूश.

सकाळच्या पारी तिघं हिरीवर आलं. म्हातारीनं पाळणा हातात घेतला, फिरवून बघितला, हसली. मग सांध्यावर बोट फिरवलं. "ह्ये कशानं चिकटवलंय रं?"

गुंडू मोठ्या ऐटीत म्हणाला, "सरसानं, आज्जी. वर तेल बी दिलंय, मास्तरांचा सरस पाण्यात सुटतच न्हाय."

म्हातारीनं पाळणा खाली ठेवला. पदराला हात पुसला. "बेडा, मास्तर. बेडा." कानडीत तेवढंच बोलली, नको म्हणून. मग शांतपणानं म्हणाली, "जनावराचं कातडं आन हाडं शिजवून सरस करत्यात. जीव सोडायच्या पाण्यात मी हाडं बुडवू व्हय?"

मास्तरांचं तोंड उतरलं. बापाच्या येळंपसनं सरस वापरलेला, कधी मनात बी आलं न्हवतं. त्या दिशी म्हातारीचा तांब्या परत सांडला, आन पाणी न पिताच ती आत जाऊन बसली.

शाळंत आल्यावर मास्तरांनी पारिसाला इचारलं, "सरस शिजताना तुला वास आला न्हवता व्हय?"

"आलता," पारिसा खाली बघत म्हणाला. "कशाचा त्ये बी ठावं हुतं."

"मग बोलला का न्हाईस?"

"तुम्ही दिलता, मास्तर."

ह्ये उत्तर मास्तरास्नी लई लागलं. राग न्हवता आला. टेबलावरचा भुस्सा बोटानं गोळा केला. मग म्हणालं, "घरचं बघून या म्हणतो मी, आन बघितलेलं बोलायला जागाच ठेवली न्हाय. चूक माझी हाय. ह्ये लाकूड सरस पिलंय, ह्येचा उपेग न्हाय. नवं काढा. आन आता तू सांगायचं, मी ऐकतो."

मग पारिसा सांगत गेला. सरस न्हाय, लाख न्हाय, ती बी किड्यांचीच. कातड्याची वादी न्हाय. मास्तरांनी जुन्या चाकासारखं लाकडात लाकूड बसवलं, वर बांबूच्या खुंट्या ठोकल्या. पाण्यात लाकूड फुगतंय, सांधा आपला आपण आवळतोय.

परत हिरीवर गेलं. म्हातारीनं एकेक इचारलं, पारिसानं एकेक सांगितलं. मास्तर मागं सरून उभं. मग तिनं दोरी धरली. हात थरथरतच हुता. पाळणा दोनदा दगडाला घासला, तांब्या न्हाय हालला. खाली पाण्यावर टेकला, आन तांब्या हळूच कलंडला. कुठं शिंतोडा बी उडाला न्हाय.

धोंडूबाई कट्ट्यावर बसली. राजाबाईनं गाळलेल्या पाण्याचा तांब्या आणून दिला. तिनं तो पुरा संपवला आन म्हणाली, "आणिक आण गं."

मास्तरांनी इचारलं, "आक्का, पास का मग?"

म्हातारीनं तोंड पुसलं. "पोरं पास. तुमचं पुढच्या साली बघू."

मास्तर जातील तिथं ही गोष्ट सांगायचं. आन तवापसनं हत्यारं काढायच्या आधी हरेक पोराला म्हणायचं, "मला ठावं नसलेलं कायतरी सांग, मग रंधा देतो."