खालून मोजलेल्या ओळी

माझे बाबा गवंडी. चाळीस वर्षं त्यांनी भिंती बांधल्या, गाण्याशी कधी देणंघेणं नव्हतं. मी पियानो शिकवते. निवृत्त झाल्यावर एकदा माझं पियानोचं पुस्तक उघडून त्यांनी विचारलं, "हे काळे ठिपके काय सांगतात गं?"

ते ठिपके ज्यांवर बसतात, त्या पाच आडव्या ओळी मी दाखवल्या. माझे विद्यार्थी पहिली ओळ वरून मोजतात आणि मी रोज घसा कोरडा करते. बाबांनी मात्र थेट तळाच्या ओळीवर बोट ठेवलं. "थर खालूनच मोजायचे ना?"

ठिपका वर चढला की सूर चढतो, हे मला सांगावंच लागलं नाही. मध्ये एक वाकडी खूण आली. "इथे गप्प राहायचं," मी म्हणाले.

"म्हणजे खिडकी सोडलीय."

आठवड्याभरात त्यांनी एक छोटी धून एका बोटाने वाजवली. ती त्यांनी कधी ऐकली नव्हती, आणि लिहिणारा माणूस जाऊन शंभर वर्षं झाली होती. शेवटचा सूर विरला.

"आत्ता इथे काहीतरी उभं होतं ना?" बाबा हळूच म्हणाले. "दुसऱ्याच्या नकाशावरून जन्मभर बांधलं, पण बांधून होताच जागा मोकळी झालेली आजच पाहिली."

मग त्यांनी बोट पुन्हा पहिल्या ठिपक्यावर नेलं. "परत बांधू?"