आधी नाव घ्या

सरांनी माझ्या हातातली त्यांच्या पुस्तकाची झेरॉक्स हिसकावली आणि टराटरा फाडली. भर वाचनालयात. मग माझं मनगट असं पिरगळलं की बांगडी फुटून आत घुसली.

"चोर! जंगलातून येता आन् आमचे पुस्तकं लुटता? कॉपीराईट कळते का तुले?"

रक्त गळत होतं. पोरं हसत होती. मी म्हणाले, "चुकलं सर." त्या दोन शब्दांची लाज अजून मनगटापेक्षा जास्त ठणकते.

त्या पुस्तकातली गाणी माझ्या आईची. धानोऱ्याकडच्या आमच्या गावी सरांना मीच नेलं होतं. आमच्याकडे गाणं ज्या बाईकडून शिकलो तिचं नाव आधी घेतात. नाव गाळलं की बाया मध्येच थांबवतात, कितीही मोठी गाणारी असो. आईनं दोन दिवस सरांच्या मोबाइलवर गाणी म्हटली. शेवटी एवढंच म्हणाली, "गाणं ने भाऊ, पण माह्यं नाव आधी घेजा."

सर म्हणाले, "हो बाई." कागद-बिगद काही नाही. आम्हाला शब्द पुरला. गाढवपणा आमचाच.

पुस्तकात आईचा आवाज मोबाइलवर ऐकायला क्यूआर कोड छापलाय. त्याखाली 'गायिका : अनामिक स्त्री'. मुखपृष्ठावर सरांचं नाव. आत 'सर्व हक्क सुरक्षित'.

मनगटाला ओढणी गुंडाळली आणि तिथेच बसून कॉपीराईटचा कायदा वाचला. तीनदा वाचला, तेव्हा डोक्यात शिरला. स्वतःच्या अभ्यासासाठी थोडी पानं काढणं चोरी नाही. आणि गाणारीचं नाव सांगितलं जाणं हा गाणारीचा हक्क आहे. वाचनालयातलं ते पुस्तक उचललं आणि निघाले.

सर केबिनमध्ये चहा पीत होते. मी पुस्तक टेबलावर आपटलं. कप फुटला.

"आईचं नाव घ्या."

"निघ बाहेर! तुहं एम.ए. कसं होते तेच पाह्यतो."

मी पेन काढला. 'अनामिक स्त्री' एवढ्या जोरात खोडलं की पान फाटलं. त्यावर लिहिलं, सोमीबाई. सर हात उगारून उठले. मी रक्ताळलेलं मनगट त्यांच्या नाकासमोर धरलं.

"आता मारून पाहा."

हात खाली आला.

विद्यापीठात तक्रार दिली आहे. मागे घे म्हणून रोज कुणीतरी समजावतं. पदवी जाईल म्हणतात. जाऊ दे. परवा चंद्रपूरला सरांचा सत्कार आहे, तिथे ती गाणी वाजवणार आहेत. आईला घेऊन मी पहिल्या रांगेत बसणार. पहिलं गाणं सुरू झालं की उठणार, आणि मध्येच थांबवणार.