पदराची दिशा

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्यालाही नाही. तुम्हाला का सांगतेय — ते मलाही नीट माहीत नाही.

भंडाऱ्यात आमचं छोटं ऑफिस होतं. हातमागाच्या नक्षीसाठी आम्ही सॉफ्टवेअर बनवायचो. आंधळगावची, कोसा रेशीम विणणाऱ्या घरातली वंदना कॉम्प्युटरवर नक्षी काढायची. तिची फाइल वाचून माझा प्रोग्रॅम मागाला नक्षी सांगणाऱ्या पंचकार्डांचा आराखडा काढायचा. फाइल कशी वाचायची हे मेटामॉडेल सांगतं — नक्षीत काय काय असू शकतं, कशाचा कशाशी संबंध, याचे नियम. नियम बदलले की वाचणारा प्रोग्रॅमही बदलावा लागतो.

आम्ही नियमांत ‘पदराची दिशा’ नव्याने घातली. वंदनाने ती बरोबर भरली. मी मात्र तिची फाइल जुन्याच मेटामॉडेलने वाचली. प्रोग्रॅमने इशारा दिला — हा भाग ओळखता येत नाही. मी काय केलं? इशाराच बंद केला, आणि दिशेशिवायच आराखडा काढला. सिहोऱ्याला एका साक्षगंधाला, साखरपुड्याला जायची घाई होती, एवढंच. वर वंदनाला सांगितलं — तपासलंय.

तिच्या बाबांनी त्या नक्षीची साडी विणली, थोरल्या मुलीच्या लग्नासाठी. मागावर कापड उलटं असतं. विणताना कळलं नाही. साडी मागावरून उतरवून लग्नात मुलीला नेसवली, आणि पदरावरची सगळी पानं खाली डोकं करून लोंबली. मी तिथेच उभी होते.

“जमत नव्हतं त कायले हात लावला वं?” बाबा पाहुण्यांसमोर वंदनाला म्हणाले.

तिने माझ्याकडे पाहिलं. विचारलं असतं, तर मी बोलले असते का? — नाही. दुसऱ्या दिवशी ऑफिसात जाऊन मी गुपचूप कोड दुरुस्त केला. कुणाला पत्ता लागला नाही.

वंदनाने नक्षी काढणं सोडलं. पुढे लग्न होऊन लाखनीला गेली, मोबाइलच्या दुकानात बसू लागली. एकदा तिथे भेट झाली. तिनेच विषय काढला.

“ताई, दिशा त म्या बरोबर टाकली होती, असंच वाटते मले अजून. पण तुमी तपासलं होतं ना — मंग चूक माहीच असन.”

मी काय बोलले असेन? तिच्या खांद्यावर हात ठेवला.

“जाऊ दे वं,” मी म्हणाले, “चुकतो माणूस.”

तिलाच माफ करून मी घरी आले.