कमलताई जेवायला येतात

सिहोऱ्याकडच्या आमच्या उपकेंद्रात दोन गोष्टी कधी संपत नाहीत. एक ओआरएसची पाकिटं, दुसरे कमलताईंचे किस्से! बाईच्या हक्काबिक्काबद्दल या भागात कुणी तोंड उघडत नव्हतं, तेव्हापासून ही आरोग्य सहायिका बोलतेय. रिटायर झाली, तरी थांबली नाही. मी तिथली नर्स. ताईंच्या वाट्याच्या निम्म्या शिव्या मीच खाल्ल्यात.

*

मी नवीन होते. पहिल्याच घरी बीपीचं मशीन काढून गरोदर सुनेचा हात धरला. ताईंनी मला कोपर मारलं.

"आधी सासूचं मोज! नाहीतर उद्यापासून सून दरवाज्यात दिसनार नाही."

तेव्हापासून इथल्या झाडून सगळ्या सासवांचं बीपी मला पाठ आहे.

*

महिला दिनाला एक पुढारी स्टेजवरून गहिवरले, "बाई म्हणजे घरची लक्ष्मी!"

ताई पहिल्या रांगेतून म्हणाल्या, "लक्ष्मीचं हिमोग्लोबिन आठ हाये, भाऊ. आरती मंग करजा, आधी तिले जेवू द्या!"

त्यानंतर पुढाऱ्यांना हार घालायला कुणी उठेना.

*

नसबंदीचं नाव काढलं की पुरुषांना एकदम शेतीची कामं आठवतात. एक जण म्हणाला, "मले अशक्तपना येईल ना, बाई. धानाचे पोते कोन उचलंल?"

ताई म्हणाल्या, "तुयी बायको पोटात लेकरू घेऊन चिखलात धानाचा रोवना करते. तिले काय ट्रॅक्टरचं इंजिन बसवलं हाये?"

मी फिस्सकन हसले. तो गडी सहा महिने माझ्याशी बोलला नाही. ताईंशी मात्र बोलायचा!

*

सुनीताच्या बाबतीत मात्र हसू येत नव्हतं. सातवा महिना, हिमोग्लोबिन साडेसात. रक्त वाढलं नाही तर बाळंतपण जिवावर बेतेल, असं डॉक्टरांनी बजावलेलं. मला खरंच धास्ती होती. लोहाच्या गोळ्या दिल्या, तर त्या सासूच खायची!

"मले लय गुन आला, सिस्टर," म्हणाली.

ताईंनी सासूला तिची वेगळी गोळ्यांची पाकिटं दिली. पण नुसत्या गोळीनं काय होणार? सून जेवायची सगळ्यांच्या शेवटी, आणि शेवटी भांड्यात उरायची खरवड.

*

मग ताई रोज भर जेवणाच्या वेळेला त्या घरी जायला लागल्या. पाहुणीनं घास घेतल्याशिवाय घरचे कसे जेवणार? ताई ताटावर बसायच्या आणि हात आखडून घ्यायच्या.

"सुनीता माया बाजूले बसून जेवंल, तवाच मी जेवतो."

पाहुणी उपाशी, म्हणून सासरा उपाशी, म्हणून अख्खं घर उपाशी!

चौथ्या दिवशी आम्ही फाटकातून शिरतोय तोच सासरेबुवा आत ओरडले, "सुनीता, बस वं लवकर! ते बाई आली. मले भूक लागून राहिली!"

महिन्याभरात हिमोग्लोबिन नऊला टेकलं. एक दिवस ताई तापानं पडल्या, म्हणून मी एकटीच गेले. सुनीता अंगणातच भेटली. आतून सासऱ्यांनी विचारलं, "बाई आल्या का?"

मी तोंड उघडणार, तेवढ्यात सुनीतानं माझा हात दाबला.

"हो म्हना, सिस्टर. आज मासोळ्या हायेत."