मानेवरची शिरशिरी

बाइंडिंगखात्यात पुस्तकावरून शेवटचा हात काकूंचा फिरायचा. शिलाई झाली, पुठ्ठा चढला, कडा कापल्या, की पुस्तक त्यांच्या टेबलावर. काकू ते डाव्या हातात धरायच्या, कानाजवळ न्यायच्या आणि उजव्या अंगठ्याखालून पानं सोडायच्या. फर्रर्र. एका पुस्तकाला चार सेकंद. ठीक असलं तर उजवीकडे, नसलं तर डावीकडे. तीस वर्षं हेच काम, खिडकीशेजारच्या त्याच खुर्चीत.

लोकांना वाटायचं, बाई कानाने पानं मोजते. काकू काही मोजत नव्हत्या. त्या आवाजाने त्यांच्या टाळूमागे एक शिरशिरी सुटायची. कुणी केसांतून हलकेच बोटं फिरवावीत तशी. ती मानेवरून उतरत खांद्यांपर्यंत जायची आणि तिथे विरायची. पुस्तकात सोळा पृष्ठांचा एखादा फर्मा कमी असला की ती मानेतच अडायची, शिंक येता येता राहावी तशी. फर्मा दोनदा लागला असेल तर खांद्यांवर पोचूनही थांबायची नाही, आणि मग काहीतरी चुकल्यासारखं वाटायचं. काकूंचा हात आपोआप डावीकडे जायचा.

ही गोष्ट त्यांनी नवऱ्याशिवाय कुणाला सांगितली नव्हती. कामात मानेला सुख मिळतं, हे चारचौघांत सांगायचं कोणत्या तोंडाने?

फर्मे तपासायची दुसरी रीतही होती. प्रत्येक फर्म्याच्या पाठीवर छापखान्यातून एक काळी खूण येते. फर्मे क्रमाने रचले की खुणा जिन्यासारख्या खाली उतरतात. पायरी तुटली की चूक दिसते. मात्र हे शिलाईआधीच बघायचं, कारण पुठ्ठा चढला की पाठ झाकली जाते. हे काम चष्मेवालीकडे होतं. चाळिशीची बाई, मान खाली घालून काम करणारी. दोन वर्षांपूर्वी काकू सगळ्यांसमोर म्हणाल्या होत्या, "अहो मुकादम, हिला तो जिना चढता चढता संध्याकाळ होते. शेवटी मी बसलेय ना? द्या हिला शिलाईला." सगळे हसले. मुकादमाने चष्मेवालीला शिलाईला बसवलं. तेव्हापासून जिना कुणी बघत नव्हतं.

आणि आता शिरशिरी गेली होती.

आवाज येत होता. स्वच्छ येत होता. डॉक्टरने कान तपासून सांगितलं, "वयाच्या मानाने उत्तम." फर्रर्र व्हायचं आणि मान लाकडासारखी तशीच. काकूंनी जागा बदलून पाहिली, दुसरा कान लावून पाहिला, डोळे मिटून पाहिलं. घरी काकू जेवायला बसल्या की नवरा मागे उभा राहून वर्तमानपत्र चुरगाळायचा.

"काय, आलं का?"

"डोकं आलं उठून. बसा आता."

"कंगव्याने करून बघू?"

"अहो, आमटीत केस पडतील!"

हसून झालं की काकूंचा घास तोंडात फिरत राहायचा. सुख गेलं याचं दुःख होतंच. पण खरी भीती वेगळी होती. टेबलावर तेव्हा परिचारिकांसाठीचं औषधांच्या मात्रांचं पुस्तक होतं. चौदा फर्मे, बाराशे प्रती. कुठल्या रुग्णाला कोणतं औषध किती, एवढंच त्यात. बारा दिवस काकू अंगठा फिरवत होत्या आणि एकूण एक पुस्तक उजवीकडे ठेवत होत्या. बाराशेत एकही चुकीचं नाही, असं तीस वर्षांत कधी झालं नव्हतं.

तेराव्या दिवशी दुपारी चारला गाडी येणार होती. सकाळी काकू पिशवीही न ठेवता मुकादमाकडे गेल्या.

"ते पुस्तक पाठवू नका."

"का? उंदीर लागले?"

"मी तपासलेलंच नाही."

"म्हणजे काय? रोज तर फर्रर्र ऐकतोय मी."

काकूंनी सांगितलं. शिरशिरीचंही सांगितलं. मुकादम आधी हसला, मग त्याने टोपी काढून टेबलावर ठेवली.

"काकू, असतील तर दोन-चार असतील. ती परत येतील, बदलून देऊ."

"परत यायच्या आधी कुणाच्या तरी हातात जातील ना? ती नर्सबाई पान उलटेल आणि पुढचंच वाचेल. समोर आजारी माणूस असेल."

मुकादमाने गाडी थांबवली. शिलाई बंद ठेवून सहा जण बसले. आता पाठी झाकलेल्या, म्हणजे प्रत्येक प्रत हाताने उघडायची. पान एक, सतरा, तेहतीस, एकोणपन्नास. असे चौदा ठिकाणी आकडे बघायचे. चार सेकंदांचं काम दोन मिनिटांचं झालं. कुणी कुरकुर केली नाही, पण काकूंशी कुणी बोललंही नाही. बोटांची टोकं कागदाने कोरडी पडली, दोघांची कापली.

सात पुस्तकं निघाली. दोनांत फर्मा दुबार, पाचांत एक गायब. पाचही ठिकाणी तोच: लहान मुलांच्या मात्रा.

त्यातलं पाचवं चष्मेवालीला सापडलं. तिने ते काकूंपुढे ठेवलं, उघडंच. काकूंनी दोन्ही पानांवरचे आकडे वाचले.

"बोल की. तुझा हक्क आहे."

"काय बोलू? जिना बघितला असता तर हे शिलाईलाच गेलं नसतं. एवढंच."

संध्याकाळी काकूंनी आपली खुर्ची उचलून फर्मे रचायच्या टेबलाशी नेली. "इथे बस. उद्यापासून जिना तू बघ, आणि मला दाखव कसा बघायचा ते." चष्मेवाली लगेच बसली नाही. आधी तिने खुर्चीवरची काकूंची उशी काढून त्यांच्या हातात दिली.

मुकादम हात धुऊन आला. सात पुस्तकं बाजूला बांधून ठेवली होती.

"काकू, एक विचारतो. हे नक्की कधीपासून?"

बारा दिवस, हे उत्तर तयार होतं. सकाळी तेच दिलं होतं. पण त्याआधीही शिरशिरी कधी निम्मीच यायची, कधी यायचीच नाही. तेव्हा काकू कालच्या आठवणीवर पुस्तक उजवीकडे ठेवायच्या. असे किती दिवस, ते त्यांनी धरलं नव्हतं.

"मागचं पुस्तक कोणतं होतं?" त्यांनी विचारलं.

"प्रथमोपचाराचं. जाऊन पंधरा दिवस झाले."

काकूंनी उशी पोटाशी धरली.

"तेही मागवा," त्या म्हणाल्या. "आणि त्याच्या आधीचं कोणतं, तेही बघा."