घडी घातलेल्या लेफ्से

मला पोळ्या येत नाहीत, हे मी घरमालकीणबाईंना वेळेवर सांगितलं नाही. सगळा घोळ तिथून सुरू झाला.

लीड्समध्ये मी त्यांच्या घरातली वरची खोली भाड्याने घेतली आहे. त्या मूळच्या नॉर्वेच्या, लग्न करून इथे आल्या, आता एकट्याच राहतात. हॉस्पिटलमधल्या ड्यूटीवरून आल्यावर मी रोज तव्यावर पोळ्या गरम करायचे, फ्रोझन पाकिटातल्या. वास खाली जायचा आणि त्यांना वाटायचं, ही मुलगी रोज पोळ्या लाटते. दोन वर्षांत मी एकदाही ते दुरुस्त केलं नाही. का, ते मलाही सांगता येणार नाही.

डिसेंबरमध्ये त्यांनी मला किचनमध्ये बोलावून चहा दिला. ख्रिसमसच्या आधी त्या दरवर्षी लेफ्से करतात. लेफ्से म्हणजे बटाट्याची मोठी, पातळ पोळी. लोणी आणि साखर लावून खायची. लेफ्से न्यायला ग्लासगोहून त्यांची मुलगी येते. पण या वर्षी त्यांची मनगटं लाटण्यावर जोर देईनात. आणि मुलीचं म्हणणं होतं की हे घर विकून तिच्या जवळच्या फ्लॅटमध्ये राहायला यावं. टेबलावर लेफ्से नसल्या की आईचे हात चालत नाहीत, हे तिला कळणार होतं.

"करायच्या तू, सांगायचं मात्र मी केल्या," त्या म्हणाल्या. "तुला बोलायला आवडत नाही, हे मला ठाऊक आहे."

हे कौतुक होतं की टोमणा, ते मला समजलं नाही. मी हो म्हणाले.

आदल्या दिवशी बटाटे उकडून, किसून, लोणी आणि क्रीम घालून फ्रिजमध्ये ठेवले होते. शनिवारी सकाळी त्यात मैदा मिसळला. बाई स्टुलावर बसून सांगत होत्या. पीठ जास्त मळायचं नाही, चिकट होतं. पातळ लाटायचं, मग लांब चपट्या काठीने उचलून कोरड्या तव्यावर टाकायचं. माझी पहिली काठीवरच फाटली. दुसरीही. पाचवी फाटल्यावर त्या हेअरड्रेसरची अपॉइंटमेंट आहे म्हणून निघून गेल्या. अपॉइंटमेंट खरंच होती की नाही, मी विचारलं नाही.

मी आईला फोन लावला.

"इथे होतीस तेव्हा पोळपाटाला कधी हात लावला नाहीस," आई म्हणाली. मग एकदम मन लावून सांगायला लागली. "अगं, कणीक काय आणि बटाटा काय. लहान लाट, तेलाचा हात फिरव, पीठ भुरभुर, घडी घाल. मग लाट. फाटायची नाही."

सूटकेसच्या तळातला, आईने दिलेला पोळपाट पहिल्यांदाच बाहेर आला. पोळ्या फाटल्या नाहीत. उलट तव्यावर थोड्या फुगल्या, तेव्हा मला उगाचच आनंद झाला. लेफ्से फुगायची असते का, हा विचार मनात आला. पण तोवर अठरा झाल्या होत्या. बाई परत आल्या, टॉवेल उचलून बघितला आणि म्हणाल्या, "लहान आहेत."

रविवारी मुलगी आली. जेवताना तिने एक लेफ्से घेतली, कडेला सुरी लावली आणि ती अलगद उघडली. आपल्या घडीच्या पोळीसारखे दोन पदर सुटे झाले. तिने ते दोन्ही उचलून उजेडाकडे धरले, खाली ठेवले, लोणी लावलं, साखर भुरभुरली आणि खाल्ले. बाई तिच्याकडे बघत होत्या आणि मी माझ्या ताटाकडे.

निघताना दारात बूट घालता घालता तिने मला हळूच विचारलं, "आईचे हात कसे आहेत?"

आता चालत नाहीत म्हटलं असतं, तर घर गेलं असतं. माझी खोलीही. बरे आहेत म्हटलं असतं, तर ते तिला पटलं नसतं.

"थंडीत दुखतात," मी म्हणाले.

तिने टॉवेलात गुंडाळलेल्या दहा लेफ्से बॅगेत नीट ठेवल्या. "पुढच्या वर्षी घडी घालू नकोस," ती म्हणाली आणि गाडीकडे गेली.

मी दार लावून तशीच उभी राहिले. पुढच्या वर्षी म्हणजे इथेच, याच किचनमध्ये? की ग्लासगोच्या फ्लॅटमध्ये मला बोलावणार होती? की नुसतंच बोलण्यासारखं बोलली? या लोकांचं सौजन्य कुठे संपतं आणि निर्णय कुठे सुरू होतो, हे मला अजून ओळखता येत नाही. आपल्याही लोकांचं येत होतं असं नाही.

"काय म्हणाली?" बाईंनी आतून विचारलं.

मी पोळपाट धुवायला घेतला. त्यावर सुकलेलं बटाट्याचं पीठ निघता निघेना.

"लेफ्सेबद्दल बोलत होती," मी म्हणाले. "पुढच्या वर्षीच्या."

त्यांनी रेडिओ लावला. त्या खूश झाल्या की धास्तावल्या, हे मागे वळून बघायचं मला धाडस झालं नाही.